डावा कोपरा

बाबा, काल मी तुम्हाला संघातून वगळलं. शहापूर-मुरबाडचा आजवरचा सर्वांत भारी कबड्डी संघ निवडायचा होता, सात जणांचा, आणि निवडणाऱ्या तिघांत मी होतो. डाव्या कोपऱ्यावर तुमचंच नाव येणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. चहाच्या टपरीवरच्या पोरांनी, ज्यांनी तुम्हाला खेळताना पाहिलंसुद्धा नाही, त्यांनीही. मी ते येऊ दिलं नाही. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तुम्हाला काय फरक पडतो म्हणा. पण तुमच्या तोंडावर जे कधी बोलता आलं नाही ते आज लिहून काढावं म्हणून बसलोय. आई आत निजली आहे. माझ्याशी धड बोललेली नाही.

मंडळाने या वर्षी मोठा सोहळा करायचं ठरवलं. म्हशाची जत्रा उठली की आपल्याकडे सामने लागतात ते तुम्हाला काय सांगायचं. आणि आपली ती रीत, तीही तशीच चालू आहे. शेवटच्या सामन्याआधी जुन्या खेळाडूंना मैदानात आपापल्या जागी नारळ घेऊन उभं करायचं, आणि जो गेला असेल त्याच्या जागेवर त्याच्या घरातलं कोणीतरी उभं राहायचं. दर वर्षी आपल्या गावापुरतं असतं ते. या वर्षी दोन्ही तालुक्यांतले, आजवरचे, सात जण उभे करायचे असं निघालं. निवड करायला शहापूरचे एक म्हातारे चढाईपटू, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. दुसरा धसईच्या शाळेतला खेळाचा मास्तर, तरणा आहे. आणि तिसरा मी. मी का, तर मी पंच आहे आणि तुमचा मुलगा आहे. दुसरं कारणच जास्त वजनाचं होतं.

धसईला बाजाराच्या दिवशी आम्ही तिघे बसायचो. भाताची पोती आणि वांग्यांचे ढीग यांच्यामधून वाट काढत लोक येणार, आमच्या बाकड्याला टेकणार आणि आपला माणूस घुसवणार. सिद्धगडाच्या पायथ्याचा तो चढाईपटू, ज्याचा दम संपतच नसे, त्याच्यावर सगळ्यांचं एकमत झालं. उजव्या कोपऱ्यावर शहापूरचा माणूस, त्यावरही फारसं भांडण नाही. भांडण झालं ते वाडीवरच्या त्या मध्यरक्षकावरून. दिवाळी झाली की घरादारासकट वीटभट्टीवर जायचा तो, त्यामुळे ऐन सामन्यांच्या दिवसांत गावातच नसायचा. कंडक्टरकाका म्हणाले, "दोन जत्रा खेळला तो. दोन जत्रांवर कसा घ्यायचा रे त्याला?" मी म्हणालो, "काका, दोन जत्रांत त्याला ओलांडून कोण गेलं ते सांगा." ते बराच वेळ आठवत बसले आणि मग त्याला घ्या म्हणाले. मी असा खरा माणूस बरं का, बाबा. कोणावर अन्याय होऊ देत नाही. माझ्या अंगात हे कुठून आलं ते लोक एकमेकांना सांगतात, मी ऐकत असलो तर जरा मोठ्याने सांगतात.

तुम्ही हा खेळ आपल्या स्वयंपाकघरात खेळायचात. रात्रीची जेवणं झाली की चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर रेघा ओढायच्या आणि चिंचोके मांडायचे, हा अमका, हा तमका. आई ओरडायची, "आता सारवलंय मी, तुमाला दुसरी जागा नाय का?" तुम्ही हसायचात आणि डाव्या कोपऱ्यावर चिंचोका न ठेवता सुपारी ठेवायचात. ती सुपारी म्हणजे तुम्ही. मग गुडघा गेला, तुमचा खेळ थांबला. एकदा सुपारी ठेवता ठेवता तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "ही जागा आपल्या घरातून जायची नाय," असं म्हणालात, आणि सुपारी माझ्या हातात दिलीत. मी ती ठेवली. आई भांडी घासायची थांबून बघत होती. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मला आजही दिसतंय, म्हणून सांगतो, हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. तुम्ही असं म्हणाला होतात.

आणि शिकवलंतही तुम्हीच. गिरणीत तुमचं काम संपलं की मागच्या बाजूला तुसाचा डोंगर पडलेला असायचा. भात भरडून उरलेला तूस, त्यावर कितीही आपटलं तरी हाड मोडत नाही. गावातली, आसपासच्या गावांतली पोरं तिथं जमायची आणि तुम्ही त्या तुसात उभं राहून पकडी शिकवायचात, गुडघ्याला फडकं बांधून. घामावर तूस चिकटतो आणि रात्रभर अंग खाजतं. आई गरम पाणी काढून ठेवायची आणि खोबरेल चोळता चोळता तुम्हाला शिव्या घालायची. इतर पोरांना तुम्ही शाबासकी द्यायचात. मला कधी नाही. एकदा मी घाईने घोटा धरायला गेलो आणि हात रिकामा आला, तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही कानफटात मारलीत. "कोणाची गाडी सुटतेय रे तुझी? त्याचा पाय टेकू दे आधी. टेकला का मग धर." मी तेही शिकलो. पाय टेकेपर्यंत थांबायला शिकलो. गिरणीवर येणारे शेतकरी पोती खाली टाकून माझी पकड बघायला उभे राहायचे. तुम्ही त्या वेळी हटकून मशीनकडे जायचात.

मुरबाड विरुद्ध शहापूर, तो सामना. मुरबाडचे सात तुम्ही निवडणार होतात. मी एकोणीस वर्षांचा. ठाण्याहून कोणीतरी मोठी माणसं बघायला येणार होती, चांगला खेळला तर नोकरीचं बघतील, असं बोललं जात होतं. त्यात खरं किती, खोटं किती, मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी आम्हाला ते खरंच होतं. आई आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आली होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून बायकांच्या गर्दीत पुढे बसली होती. तुम्ही माईक हातात घेतलात आणि एकेकाचं नाव घेत गेलात. सहा झाली. मी कमरेला पट्टा आवळून तयार. सातवं नाव म्हणजे डावा कोपरा, आणि तुम्ही भलत्याच गावच्या पोराचं नाव घेतलंत. वाईट नव्हता तो. ठीक होता. तुमच्या तुसावर मी त्याला कितीदा तरी लोळवलं होतं आणि ते तुमच्यासमोर. मग तुम्ही माईकवर म्हणालात, "निवडणारा मी हाय, म्हणून घरातला मानूस घेतला नाय." आणि टाळ्या पडल्या, बाबा. अशा टाळ्या त्या दिवशी एकाही पकडीला पडल्या नाहीत. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. माझ्या शेजारचा एक जण डोळे पुसत होता. तुम्ही मान खाली घातली होतीत आणि मी तुमच्याकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं. तुम्ही हसत होतात.

मी त्या दिवशी पाण्याची बादली सांभाळली. मैदानाच्या रेघा पुसल्या की फक्कीचा डबा घेऊन पुन्हा ओढायच्या, हेही काम माझ्याकडेच. शहापूरचा चढाईपटू आमच्या डाव्या कोपऱ्यात पाय टाकून टाकून गुण घेऊन गेला. तो पोरगा दर वेळी घाई करायचा, पाय टेकायच्या आधी झेप. मी रेघेबाहेरून ओरडत होतो, थांब, टेकू दे. आपण हरलो. हरल्याचं कोणाला काही वाटलं नाही, असा तुमचा दिवस होता तो. लोक तुम्हाला खांद्यावर घ्यायचेच बाकी होते. घरी आल्यावर तुम्ही पाटावर बसलात आणि आईने ताट आपटलं. "टाळ्या मिळाल्या ना? जेवा आता." एवढंच म्हणाली ती. भाकऱ्यांचं फडकं तसंच कोपऱ्यात पडलं होतं, कोणी सोडलं नव्हतं.

तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत. पुढच्या वर्षी म्हशाला गेलात तेव्हा जत्रेतून माझ्यासाठी नवी घोंगडी घेऊन आलात. चांगली होती, जाड, काळी. माझ्या अंगावर टाकलीत आणि बाहेर निघून गेलात. मला वाटलं, आता बोलतील. निदान एवढं तरी सांगतील, की तू चांगला होतास पण माझा इलाज नव्हता. किंवा सांगतील की तू चांगला नव्हतास, मी लोकांपुढे झाकून नेलं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. मी किती तरी वर्षं त्या एका वाक्याची वाट बघितली. तुम्ही आजारी पडलात, उल्हासनगरच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून काढलेले दिवस, तेव्हाही माझं लक्ष तुमच्या ओठांकडे. तुम्ही विचारलंत काय, तर या वर्षी मैदान कोणी आखलं. मीच आखलं होतं. तसं सांगितलं. "रेघ सरळ आली का," म्हणालात.

मी नंतर खेळलो नाही. एमआयडीसीत नोकरी धरली, लग्न, पोरं, सगळं रीतसर. मग पंचाची परीक्षा दिली. लोकांना वाटलं, खेळाची आवड. आवड होतीच. पण खरं सांगू का, शिट्टी तोंडात असली की मैदानाच्या बाहेर जा असं मला कोणी म्हणू शकत नव्हतं. तुमच्यासारखाच मीही कडक म्हणून नावाजलो. बायको म्हणते, घरातसुद्धा तुम्ही शिट्टी घेऊनच फिरता.

सोहळ्याचं ठरलं तेव्हा आईला कोणीतरी जाऊन सांगितलं, की तुमच्या मालकांचं नाव नक्की आहे, आणि त्यांच्या जागेवर मुलगा उभा राहणार. ती एवढी खूश झाली की मला नवल वाटलं. म्हटलं, नवऱ्याचा मान होतोय म्हणून असेल. ती मला म्हणाली, "त्यांचं काय घेऊन बसलास? त्यांना काय कमी मान मिळाला? मला तुला बघायचाय रे तिथं. तवा भाकऱ्या बांधून गेलते मी, तू बादली घेऊन बसलेला. आता त्यांच्या नावानं का होईना, पण त्या जागेवर उभा राहशील ना तू." मग तिने सुनेला सांगून पेटीतली नवी साडी बाहेर काढून घेतली आणि उन्हात टाकायला लावली. तिथे उभं राहायचं, ते तुमच्या जागी? माझी जागा तुम्ही दुसऱ्याला दिलीत आणि आता मी तुमचा नारळ धरून, तुमचा मुलगा म्हणून, तिथे मिरवायचं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईचं वाक्य मी ऐकलं, पण त्यातलं मला हवं तेवढंच ऐकलं.

शेवटच्या बैठकीत डाव्या कोपऱ्याची जागा तेवढी उरली होती. मास्तर हसून म्हणाला, "हे काय बोलायचं काम नाय, लिहून टाकू." मी म्हणालो, "नाही. निवडणारा मी आहे, घरातला माणूस नको." कंडक्टरकाकांनी चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. "अरे, पण तो होताच तसा. मी चढाया केल्यात त्याच्यावर, मला विचार. माझा घोटा अजून दुखतो." मी म्हणालो, "काका, त्यांचाच नियम आहे. मी काय नवीन काढला नाही." माझ्या तोंडात नियम होता आणि पोटात सूड होता, बाबा. किती वर्षांचा, ते तुम्हाला ठाऊक. पाय टेकायची वाट बघत होतो म्हणा ना. मग काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बापाचा पोरगा शोभतोस," म्हणाले. डाव्या कोपऱ्यावर आम्ही शहापूरच्या तुमच्याच वयाच्या एका माणसाचं नाव घातलं. हयात आहेत. ठीक होते.

काल मैदान गच्च भरलं होतं. मंडळाच्या पोरांनी माईक माझ्याकडे दिला. मी नावं घेत गेलो, माणसं पुढे येत गेली, नारळ घेऊन आपापल्या जागी उभी राहत गेली. वाडीवरच्या त्या मध्यरक्षकाच्या जागी त्याची मुलगी उभी राहिली, भट्टीवरून एका दिवसासाठी आली होती. सातवं नाव घेतलं आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. मी थांबलो. कुजबुज पुरती पसरू दिली. मग म्हणालो, "निवडणारा मी आहे, म्हणून घरातला माणूस घेतला नाही." तेच शब्द. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना ते आठवले असणार, कारण पहिल्या टाळ्या तिकडून आल्या. मग अख्खं मैदान. ते शहापूरचे गृहस्थ काठी टेकत माझ्याजवळून गेले तेव्हा हळूच म्हणाले, "मला कशाला उभा करतोस रे पोरा? ही जागा तुझ्या बापाची हाय." मी त्यांना हात धरून तिथे नेऊन उभं केलं. जागा बरोबर आहे का बघितलं. चार बोटं मागे सरकवलं त्यांना. तुम्ही कुठे उभे राहायचात ते मला त्या मैदानावर डोळे मिटूनही सांगता येईल.

आणि तिथे मला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मला घेतलं नाहीत त्यात माझ्या खेळाबद्दल काहीतरी उत्तर आहे. ते नव्हतंच. काल मी ज्याला वगळलं तो दोन्ही तालुक्यांतला सगळ्यांत भारी डावा कोपरा होता, आणि हे मला वगळताना पक्कं माहीत होतं. म्हणजे तुम्हालाही तेव्हा माहीत असू शकतं. म्हणजे मी चांगला होतो, बहुतेक. हे वाक्य मला तुमच्याकडून हवं होतं, ते शेवटी असं माझं मलाच मिळालं. आनंद वगैरे काही झाला नाही. उलट तुमचा जास्तच राग आला. ठाऊक होतं तर मग एकदा सांगायला तुमची जीभ का रेटली नाही?

आई बायकांमध्ये पुढेच बसली होती, नवी साडी नेसून. मी तिच्याकडे बघितलं ते सगळं उरकल्यावर. ती माझ्याकडे बघत नव्हती, डाव्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथे एक परका म्हातारा नारळ धरून उभा होता. सामना संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. सुनेने पाणी दिलं ते घेतलं. घरी आल्यावर साडी बदलली, घडी घालून पेटीत ठेवली आणि पेटीवर तुमची ती घोंगडी पसरली. मी हातपाय धुऊन बसलो. सुनेला बाजूला सारून तिने स्वतः ताट आणलं, हात थरथरतात तिचे हल्ली, आमटी सांडली थोडी. ताट माझ्यापुढे ठेवलं.

"टाळ्या मिळाल्या ना? जेव आता."

तुम्ही तेव्हा जेवला होतात. मला आठवतंय, पोटभर जेवला होतात. मी पण जेवलो.

हे कागद आता कुठे ठेवायचे ते बघतो. पेटी उघडायची तर घोंगडी काढावी लागेल आणि आईला जाग येईल. राहू देत खिशात. एक तेवढं सांगायचं राहिलं, बाबा. टाळ्या पडत होत्या तेव्हा मी मान खाली घातली होती. मला तुमची आठवण आली नाही, सुडाचीही नाही, आईची तर नाहीच नाही. मी हसत होतो.